बारावा गोळा

"चहात मीठ पडलंय गो."

आबांचं हे पुटपुटणं नूतनच्या अगदी कानाशी झालं, कारण ती त्यांच्या खुर्चीखाली घरंगळलेला स्टेपलर काढायला वाकली होती. तशीच वाकून ती म्हणाली, "मिठाचा डबा आणि साखरेचा डबा माझ्याकडे वेगळे आहेत, आबा. एकाला झाकण आहे, एकाला नाही."

"मग झाकण नसलेल्यातलं घातलंस."

"ती साखर."

"खारट साखर हाय," आबा म्हणाले, आणि तोंड वाकडं करत सगळा चहा पिऊन टाकला. चहा टाकून देणाऱ्यातले ते नव्हते.

नूतनला हसू आलं. आबा, म्हणजे गुणाजी, पेणच्या खाडीकाठचा जुना मिठागरवाला. चाळीस पावसाळे बांधावर आणि चाळीस उन्हाळे घोटाभर खारटात उभं राहून काढलेल्या माणसाला आता, एकोणऐंशीव्या वर्षी, लेकीच्या घरच्या नळाच्या पाण्यात मीठ लागावं? आई गेल्यापासून ते नूतनकडे, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहत होते. कुंडलिका नदीच्या पुलापासून चार मिनिटांवर घर, पुढच्या खोलीत 'नूतन झेरॉक्स व टायपिंग', मागे स्वयंपाकघर. जावई प्रविण कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेला की दिवसभर ही दोघंच. आबांची खुर्ची दाराशी, नूतनची कॉम्प्युटरशी. मधे झेरॉक्सचं मशीन, जे दोघांपेक्षा जास्त बोलायचं.

नूतन बारावी नापास. पण गेल्या नऊ वर्षांत तिनं 'आपला गावकोश' या वेबसाइटवर एकशे चाळीस गावांची पानं लिहिली होती, आणि तेही गिऱ्हाइकांच्या अर्जांच्या मधल्या वेळात. गावकोश कुणा एकाचा नव्हता. जिल्ह्यातल्या कुणीही यावं, आपल्या गावाबद्दल लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं सुधारावं, आणि भांडावं. भांडण तर मुबलक. पेणच्या गणपतीच्या पानावर 'जगप्रसिद्ध' हा शब्द ठेवायचा की काढायचा, यावर अडतीस दिवस वाद चालला होता. मडक्यात भाजायच्या पोपटीत अंडी हवीत की नकोत, यावर तर दोन सख्खे चुलत भाऊ कायमचे दुरावले.

म्हणून पान काढून टाकण्याचा एक रीतसर नियम होता. कुणी हरकत घेतली की सात दिवस चर्चा. डोकी मोजायची नाहीत, एकमत व्हायला हवं. शेवटी तीन चालकांपैकी एकानं सगळं वाचून निकाल लिहायचा. त्या तिघांत नूतन होती. दुसरा पेणच्या रामवाडीतला मिथुन, शाळामास्तर. तिसरी खांबची दिपिका, जी बाळंतपणाच्या सुट्टीवर होती आणि वादांपेक्षा दुपट्यांत रमली होती.

हा एकमताचा नियम नूतननंच आणला होता, आणि तो तिनं तिवरखारातून, आपल्या माहेराहून आणला होता. तिथं बांधाचं कुठलंही काम काढायचं तर बारा घरांचा एकेक माणूस बांधावर यायचा, खाली वाकून मूठभर चिखलाचा गोळा उचलायचा आणि बांधाच्या माथ्यावर ठेवायचा. हात वर करणं नाही, आरडाओरडा नाही. गोळे बारा झाले की काम सुरू. एक जरी कमी पडला तर काम बंद. मग ज्याचा राहिला त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, चहा प्यायचा, समजूत काढायची. दुसऱ्याच्या घरचा गोळा कुणी ठेवायचा नाही. तसं करणं म्हणजे परक्याच्या चुलीवरचं भांडं उतरवण्यासारखं. गोळे मोजायचं काम पिढ्यान्‌पिढ्या नूतनच्या घरात होतं. तिच्या लहानपणी मोजणारे होते आबा.

तर ज्या दिवशी चहा पहिल्यांदा खारट लागला, त्या दिवशी सकाळी पावणेसातला नूतनच्या फोनवर गावकोशाची टिणटिण झाली. नवं पान. शीर्षक, 'पुतळीचं टोक'. लिहिणाऱ्याचं नाव, 'टोकावरची'.

पानावर एवढंच होतं: तिवरखारच्या बाहेरच्या बांधाचा कोपरा. इथं एक घर व्हतं. आता तिवरं हायत.

नूतन पडद्याकडे बघत राहिली. पुतळीकाकीचं घर. किती वर्षांत तिनं ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पुतळी ही मूलबाळ नसलेली विधवा बाई, गावाबाहेर टोकावर एकटी राहायची, स्वतःचे चार वाफे स्वतः राखायची. तिचाही गोळा बारांतला एक, आणि तो ठेवायला ती कधी उशीर करायची नाही. पिठोरी अवसेला आया डोक्यावर खिरीचं ताट धरून मागं न बघता विचारतात, "अतीत कोण?" आणि मागं उभं पोर म्हणतं, "मी!" पुतळीला मागं उभं राहायला पोर नव्हतं, म्हणून लहानगी नूतन बांधावरून धावत जायची. काकी भिंतीकडे तोंड करून विचारायची, नूतन मागून ओरडायची, "मी गो, मी!" आणि काकी दर वर्षी तेवढीच दचकायची. मग दोघी खीर खायच्या.

बावीस वर्षांपूर्वीच्या पिठोरीला मोठं उधाण आलं. वरून पाऊस, खालून खाडी. बाहेरचा बांध टोकाशी फुटला, टोक पाण्याखाली गेलं आणि कायमचं गेलं. पण गाव वाचलं. पुतळी आदल्याच दिवशी उरणला भावाकडे गेली होती आणि मग तिथंच राहिली, असं सगळे सांगत. नूतन तेव्हा लग्न होऊन रोह्याला, कडेवर तान्हं बाळ. तिनं विश्वास ठेवला. म्हणजे, विचारलं नाही.

पान आल्याला तास झाला नव्हता तोच त्यावर हरकत लागली. हरकत घेणारा नितेश, तिवरखारच्या नाथाचा मुलगा, जेसीबीवाला. कारण: असं काही घडलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी साडेसातला पानात एक ओळ वाढली. दाराम्होरं शेवगा. दोन कोंबड्या. चुलीवर पेज.

दुपारपर्यंत चर्चेत दहा जण येऊन गेले. दहा नवी खाती, तिवरखारच्या दहा घरांची. प्रत्येकानं लिहिलं होतं, 'काढा. असं काही घडलं नाही'. शब्दाला शब्द तोच. नूतनला वाटलं, निदान एखाद्यानं तरी एखादा शब्द स्वतःच्या पदरचा घालायचा.

संध्याकाळी नितेश स्वतःच दुकानात आला. येताना पेणमधून पोह्याच्या पापडांचं पाकीट घेऊन आला होता. आबांच्या पाया पडला. आबांनी त्याला ओळखलं, "नाथाचा ना तू?" असं विचारलं आणि मग रस्त्याकडे बघायला लागले.

"ताई, ते पान काढून टाका," नितेश काउंटरवर वाकून हळू म्हणाला.

"सात दिवस चर्चा चालते."

"सात दिवसांत म्हातारा मरंल माझा. कोनीतरी त्याला वाचून दाखवलंय. झोपत नाय. पानी प्यायला दिलं तर थुंकतो. खारट हाय म्हनतो."

नूतनचा हात काउंटरवरच्या कागदांवर थांबला. "तुझ्याकडे पण?"

"माझ्याकडं पन म्हंजे?"

"काही नाही. बोल तू."

"अख्खं गाव एका मताचं हाय. दहा घरं बोलली." मग आबांकडे चोरून बघत तो म्हणाला, "तुमचंच घर राह्यलंय, ताई. तुमचा गोळा."

"मी निकाल देणारी आहे नितेश. मला मत देता येत नाही."

"मग निकालच गोळा समजू आमी," नितेश म्हणाला. तो हसला, पण ते हसू त्याचं त्यालाच पटलं नसावं. जाताना पापडांचं पाकीट उचलून परत घेऊन गेला. बहुधा चुकून.

आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "काय म्हनत व्हता?"

"झेरॉक्स."

"बरं," आबा म्हणाले. एवढ्या वेळात झेरॉक्सचं मशीन एकदाही वाजलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

*

तिसऱ्या दिवशी नूतननं टोकावरचीला निरोप पाठवला. नमस्कार, मी चालक नूतन. आपण कोण? ही माहिती कुठून मिळाली? कृपया चर्चेत येऊन आपली बाजू मांडावी.

उत्तर नाही. पण सव्वाआठला पानात ओळ आली: सकाळपासून पानी चढत व्हतं. मी कोंबड्या माळ्यावर टाकल्या.

मी. नूतननं तो शब्द तीनदा वाचला. मग ती उठली, माठातलं पाणी प्यायली. पाणी गोड होतं. मशीनमध्ये कागद भरले. एका बाईचा उत्पन्नाचा दाखला टाइप केला आणि तिच्या वयात दहा वर्षं वाढवून ठेवली. ती बाई चिडली, नूतननं माफी मागून फुकट दुसरी प्रत दिली.

चौथ्या दिवशी मात्र ती घाबरली. ती वाटाणे सोलत होती, आबा खुर्चीत डोळे मिटून. घड्याळ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. आबा डोळे न उघडता म्हणाले, "भरलं."

त्याच क्षणी टिणटिण झाली. नऊ.

"काय भरलं, आबा?"

"पानी गो. खाडीचं. दुसरं काय भरतंय?"

नूतन कॅलेंडरपाशी गेली. द्वादशी. भरती कधी भरते हे काढायची आबांची रीत तिला पाठ होती: तिथीला पाऊणनं गुणायचं. बारा पाऊण नऊ. तिनं फोन उघडून मागच्या वेळा बघितल्या. नवमीला पावणेसात. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. प्रत्येक ओळ भरतीच्या टोकाला आली होती, मिनिटाचाही फरक न करता. मग तिनं बोटांवर पुढचं मोजलं. चर्चेचा सातवा दिवस अवसेला येत होता. सव्वाअकरा. पिठोरी. वर्षातलं मोठं उधाण.

तिनं मिथुनला फोन लावला. मागे ट्रकच्या हॉर्नचा कल्लोळ. गणपतीच्या मूर्ती गावोगाव निघायचे दिवस, पेणमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

"ताई, कुणीतरी भरतीचं टाइमटेबल बघून मस्करी करतंय," मिथुन म्हणाला. "नेटवर मिळतं."

"आणि आबांना खारट लागतं ते? नितेशच्या बापाला लागतं ते?"

"वय झालं की जिभेची चव जाते. माझी सासू वरणात साखर घालते. तुम्ही एक करा, निकाल लिहा आणि मोकळ्या व्हा. दहा विरुद्ध शून्य आहे."

"शून्य नाही. लिहिणारीचं उत्तर आलेलं नाही. आपला नियम आहे मिथुन, लिहिणारा गप्प असेल तर महिनाभर थांबायचं."

"किंवा चालकानं चौकट भरायची. 'मूळ लेखकाची हरकत नाही'. तुम्हीच घालून घेतलेली."

ती खरंच नूतनची चौकट होती. एका आजोबांनी फोन करून, मला कॉम्प्युटर जमत नाही, माझं पान काढा बाई, असं सांगितलं होतं. त्यांच्यासाठी. बोललेल्या माणसांसाठी. न बोललेल्यांसाठी नव्हे.

*

पाचव्या दिवशी पावणेदहाला ओळ आली. बांधावर मानसं अकरा. गोळे बारा.

दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. चर्चेत एकानं लिहिलंही, 'याचा अर्थ काय? काढा'. पण नूतन बांधावर वाढलेली पोर. अकरा माणसं आणि बारा गोळे म्हणजे कुणीतरी न आलेल्या घरचा गोळा ठेवला होता. आणि त्या दिवशी गोळे मोजणारा माणूस आत्ता तिच्यापासून सहा फुटांवर, टॉवेलनं मान पुसत बसला होता.

बांध फुटला होता ना? फुटणाऱ्या बांधाला गोळे कशाला लागतात?

आबांना विचारायला तिनं दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा विचारलं, "पंखा लावू?" दुसऱ्यांदा विचारलं, "जेवायला वाढू?" आबा दोन्ही वेळा "नको" म्हणाले. भात त्यांनी निम्मा ताटात ठेवला. खारट, म्हणाले नाहीत. नुसतं ताट सरकवलं.

सहाव्या दिवशी, चतुर्दशीला, साडेदहाची ओळ वाचायला नूतननं फोन पदराखाली धरला, जसं काही आबांना अक्षरं वाचता येत होती. बांधाची माती तांबडी, डोंगराची. टोकाचा चिखल काळा. पाय बघा.

तिची नजर आपोआप खाली गेली. आबांचे पाय दुकानाच्या पांढऱ्या फरशीवर. धुतलेले, सुरकुतलेले, नखं वाकडी. आबांनी ते खुर्चीखाली ओढून घेतले.

"काय बघतेस?"

"काही नाही. नखं वाढलीत."

*

पिठोरीच्या दिवशी तिनं पहाटेच खीर करून ठेवली. पोर पनवेलला शिकायला, "अतीत कोण?" विचारल्यावर "मी" म्हणायला मागं कुणी नव्हतं. पण खिरीवाचून पिठोरी कशी. प्रविण सहालाच शिफ्टला गेला. नूतननं दुकानाचं शटर अर्धंच उघडलं.

तिचं ठरलं होतं. सात दिवसांत तिनं अकरा वेळा ठरवलं होतं आणि अकरा वेळा मोडलं होतं, पण रात्रभर एकच चित्र डोळ्यांपुढे राहिलं. आज सव्वाअकराला नवी ओळ येणार. गोळा कुणी ठेवला, याशिवाय आता लिहायचं राहिलंय काय? त्या ओळीत नाव असणार. आणि ते नाव एकदा का जिल्हाभरच्या फोनांत शिरलं की एकोणऐंशी वर्षांच्या माणसानं ते घेऊन कुठं जायचं? पान राहिलं तर आबा जातात. पान गेलं तर कुणाचं काय जातं? तिवरखारचं एकमत होतं. पुतळीकाकी उरणला गेली होती. सगळे तसंच तर सांगत होते.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी ती निकाल लिहायला बसली. 'चर्चेत सहभागी सर्वांचे एकमत आहे. विरोध नोंदवला गेलेला नाही.' खाली चौकट. मूळ लेखकाची हरकत नाही. ती चौकट भरल्याशिवाय पान निघणार नव्हतं.

तिनं मागं वळून बघितलं. आबा दाराशी, पाठ तिच्याकडे. मानेवरची कातडी सैल पडलेली. लहानपणी त्या मानेवर बसून ती बांध ओलांडायची.

तिनं चौकटीत खूण केली. मग 'काढा' दाबलं. पान गेलं. पडदा पांढरा झाला आणि त्यावर बारीक अक्षरांत आलं की, या नावाचं पान अस्तित्वात नाही.

"हां," नूतन स्वतःशीच म्हणाली. तिनं खीर वाटीत घेतली, चमचाभर तोंडात घातली.

खीर खारट होती.

चुकून मिठात हात गेला असेल, असं वाटायचीही सोय नव्हती. अशी खारट की जिभेला चरचरलं. उधाणाचं पाणी तोंडात गेल्यावर लागतं तशी, मीठ आणि गाळ आणि कुजकी पानं. तिनं मोरीत चूळ भरली. चूळही खारट.

बाहेरच्या खोलीतून आबांचा आवाज आला, "भरलं गो."

टिणटिण.

नूतन काही वेळ मोरीपाशीच उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसत बाहेर आली. पान परत आलं होतं. शेवगा नाही, कोंबड्या नाहीत, आधीचं काहीच नाही. एकच ओळ.

तिनं ती वाचली, तेवढ्यात फोन वाजला. मिथुन.

"ताई, आत्ताच तर काढलंत, परत का आणलंत?" मागे ढोल वाजत होते, त्याला ओरडून बोलावं लागत होतं. "गावात बोंब उठलीय. नितेशचे सहा फोन येऊन गेले."

"मी नाही आणलं."

"नोंदीत तुमचं नाव आहे ना! सव्वाअकरा वाजता, नूतन, पान पूर्ववत. तुमच्याच खात्यातून."

"मी मोरीत होते, मिथुन."

"मग कुणी केलं? तुमच्या नावानं दुसरं कोण करणार?"

थोड्याच वेळापूर्वी नूतननंही कुणाच्या तरी नावानं काहीतरी केलं होतं. "ठेवते," म्हणून तिनं फोन उलटा टेबलावर ठेवला. झेरॉक्सच्या मशीनचं बटण बंद केलं. मशीनची घरघर थांबली तेव्हा कळलं की ती सतत चालू असायची.

पुलाखालच्या पाण्याचा वास दारातून आत आला. तो रोजचाच होता की आजचा, तिला सांगता आलं नसतं.

"आबा."

"हं."

"एक वाचून दाखवते. ऐकाल?"

आबांनी मान हलवली नाही. नको, असंही म्हणाले नाहीत.

नूतननं पडद्यावरून वाचलं. तिला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला, कारण वाचता वाचता त्याला माहेरचा हेल आपोआप आला. "तवा पन माझा गोळा मी ठेवला नवता. आज पन नाय."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, प्लॅस्टिकनं झाकलेला गणपती घेऊन. मागे दोन पोरं मूर्ती धरून बसलेली. आबांनी टेम्पो वळेपर्यंत त्याच्याकडे बघितलं.

"कोनी लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही. टोकावरची, एवढंच."

"आज काय हाय गो?"

"पिठोरी."

"व्हय." आबांनी हात मांड्यांवर पालथे ठेवले. "ती खीर भारी करायची. गूळ जास्ती घालायची."

नूतननं खुर्ची वळवली नाही. तोंड भिंतीकडे, पडद्याकडेच ठेवलं. समोरासमोर विचारायची हिंमत तिच्यात नव्हती. आणि मागं न बघता विचारायचं असतं, हे तिला कुठून तरी आठवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओठांवर आलं. सकाळपासूनचा तेवढाच खारटपणा तिला ओळखीचा वाटला.

"आबा, आज सकाळी मी पण ठेवला. तिच्या नावाचा. तुमच्यासाठी," ती म्हणाली. "त्या दिवशी कुणी ठेवला होता?"

पंख्याचा आवाज. मग खुर्ची करकरली.

"मी."

नूतन दचकली, जशी काकी दचकायची.

"मोठा बांध जात व्हता," आबा म्हणाले. "अख्खं गाव गेलं असतं. टोकाचा बांध कापला तरच पानी तिकडं फाकनार. अकरा गोळे झाले. बारावा तिचा. मला म्हनाले, गुणाजी, तू जाऊन तिला घेऊन ये, तुजं ती ऐकते. मी निघालो. तांबड्या मातीवरनं निघालो, टोकाची वाट लागली तिथं पानी गुडघ्याला लागलं. चिखलात पाय घातलाच नाय गो मी. उभा राह्यलो. दोन पानांचे विडे चघळायला लागंल इतका वेळ उभा राह्यलो, मग मागं आलो."

"आणि?"

"आनि सांगितलं, ती गेली भावाकडं. गोळा माज्याकडं देऊन गेली. नि वाकून उचलला, ठेवला. मोजले. बारा. माजे पाय तांबडे व्हते. काळं बोटभर नव्हतं. नाथानं बघितलं. काळुरामनं बघितलं. दहाच्या दहांनी खाली बघितलं नि मग कुदळी उचलल्या. कोनी एक अक्षर बोललं नाय. त्या दिवशी नाय, नंतर नाय."

नूतन वळली. आबांनी पाय खुर्चीखालून बाहेर काढले होते आणि फरशीवर सरळ ठेवले होते, कुणीही बघावेत असे.

"लिव गो," ते म्हणाले. "माजं नाव घालून लिव. पुतळी घरात व्हती. चुलीचा धूर दिसत व्हता मला."